घर पाडल्यानंतर

रायपूर हे तळ्यांचे गाव. बूढा तालाब, महाराजबंध, कंकाली, तेलीबांधा, कटोरा तालाब ही नावे तेथील माणसाच्या तोंडी पत्ता सांगताना सहज येतात. त्यांपैकी बरीच तळी अजून आहेत, काहींचे घाट नव्याने बांधले गेले आहेत व संध्याकाळी तेथे फिरावयास येणाऱ्यांची गर्दीही असते. परंतु काही नावे आता नुसते पत्ते होऊन राहिली आहेत. रजबंधा म्हणून जे ओळखले जाते ते आज मैदान आहे. लेंडी तालाब होता त्या जागी शास्त्री बाजार भरतो. तळे एका दिवसात नाहीसे होत नसते. आरंभी त्याच्या काठाशी कोणी घरदुरुस्तीचे दोन गाड्या डबर आणून टाकतो. पुढच्या पावसाळ्यात त्यावर गवत उगवते, त्या गवतावर एक टपरी उभी राहते, आणि टपरीमागे आणखी दोन गाड्या रिकाम्या होतात. तळी बुजविण्याचे जे अनेक मार्ग माणसाला सापडले आहेत, त्यांत सर्वांत स्वस्त व सर्वांत कमी डोळ्यांवर येणारा मार्ग हाच होय.

ह्या डबराला, म्हणजे बांधकामातून व पाडकामातून निघणाऱ्या राडारोड्याला, भारतात अगदी अलीकडेपर्यंत कायद्याने स्वतंत्र अस्तित्व नव्हते. नगरपालिकांच्या घनकचऱ्यासंबंधीचे नियम २००० साली झाले. त्यांत भाजीच्या देठांबरोबर व कागदाच्या कपट्यांबरोबर विटांच्या तुकड्यांचाही जाता जाता उल्लेख होता, एवढेच. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २९ मार्च २०१६ रोजी बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापनाचे नियम प्रसिद्ध केले तेव्हा प्रथमच ह्या ढिगाला नाव, व्याख्या व मालक मिळाला. मालक कोण, हा त्यातला महत्त्वाचा भाग. ज्याच्या बांधकामातून राडारोडा निघतो त्यानेच तो सांभाळावयाचा, रस्त्यावर किंवा गटारात टाकावयाचा नाही, आणि तो नेमून दिलेल्या संकलन केंद्रात पोचेपर्यंत त्याची जबाबदारी संपत नाही, असे ह्या नियमांनी ठरविले.

रायपूरचा व मराठी माणसाचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला. पहिल्या रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले हे १७५८ पासून १७८७ मध्ये निधन होईपर्यंत रतनपुरास राहून तिकडील कारभार पाहत होते. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी अ‍ॅग्न्यू ह्याने कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, त्यानंतर मध्यप्रांताची व्यवस्था आली, आणि १९५६ पर्यंत नागपूर हीच रायपूरकरांचीही राजधानी होती. तात्यापारा, चौबे कॉलनी अशा भागांतून मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे वेगळे राज्य झाले व रायपूर स्वतःच राजधानी बनले. राजधानी झाली म्हणजे काय होते ते सांगावयास नको. कौलारू घरे पडू लागली, त्यांच्या जागी तीन-चार मजली इमारती आल्या, आणि जुन्या शहराच्या आग्नेयेस सुमारे वीस किलोमीटरवर नवा रायपूर ह्या नव्या आखीव नगराची उभारणी सुरू झाली. एकाच शहरात एका टोकाला मोकळ्या माळावर नवे बांधणे व दुसऱ्या टोकाला दाटीत जुने पाडणे, अशी दोन्ही कामे एकाच वेळी चालू असल्यामुळे रायपूर हे ह्या विषयाचा अभ्यास करण्यास चांगले ठिकाण आहे.

पाडलेल्या घरातून नेमके किती निघते? तंत्रज्ञानविषयक माहिती व पूर्वानुमान करणाऱ्या ‘टायफॅक’ ह्या सरकारी संस्थेने २००१ साली जे आडाखे बांधले होते, ते आजही वापरले जातात. नवे बांधकाम करताना दर चौरस मीटरमागे ४० ते ६० किलो माल वाया जातो. पक्के घर पाडले तर दर चौरस मीटरमागे सुमारे ५०० किलो व अर्धवट पक्के पाडले तर ३०० किलो राडारोडा निघतो. म्हणजे पाडकाम हे बांधकामापेक्षा जवळजवळ दसपट घाण करते. ह्या हिशोबाने १२० चौरस मीटरचे एक साधे दुमजली घर जमीनदोस्त केले की ६० टन माल होतो. सहा टनांच्या टिपरच्या दहा खेपा. सबंध देशाचा आकडा मात्र कोणालाच नीट ठाऊक नाही. निरनिराळ्या सरकारी व बिनसरकारी अंदाजांत वर्षाला दीड कोटी टनांपासून पन्नास कोटी टनांहूनही अधिकपर्यंतचे आकडे सापडतात. ज्या वस्तूचे वजन करण्याची कोणास गरज वाटली नाही, तिच्या आकड्यांत अशी तीसपटीने तफावत पडावी, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

पूर्वीच्या काळी हा प्रश्न नव्हता, असे म्हणण्याचा मोह होतो. आणि त्यात तथ्य पुष्कळ आहे. चुन्यात बांधलेली भिंत पाडली की वीट साबूत सुटते, कारण चुन्याचा दर्जा विटेपेक्षा मऊ असतो. घासून, पाण्यात बुडवून तीच वीट दुसऱ्या भिंतीत जाई. जी फुटे तिची भुकटी करून सुरकी बने व ती घाणीत चुन्याबरोबर मळली जाई. भाजलेल्या मातीच्या ह्या भुकटीमुळे चुना पाण्याखालीही घट्ट धरतो, हे आपल्या गवंड्यांना रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होते. विटांचे मोठे तुकडे गच्चीवरच्या कोब्यात जात. हा ‘कोबा’ शब्द गळती थांबविण्याच्या कामात आजचे इंजिनिअरही इंग्रजीत बोलताना तसाच वापरतात. मातीच्या भिंती तर कालवून पुन्हा मातीच होत, आणि छत्तीसगडात ज्याला खपरा म्हणतात ते हाताने घडविलेले कौल फुटले तर परसात पडून दोन पावसाळ्यांत विरघळल्यासारखे होई. दारे, चौकटी, तुळया, चुनखडीच्या फरशा ह्यांना तर हमखास गिऱ्हाईक असे. ते आजही आहे. घर पाडण्याचा ठेका घेणारा माणूस कित्येकदा मालकाकडून पैसे न घेता उलट मालकालाच पैसे देतो, कारण त्याला सागवान व लोखंड दिसत असते.

सिमेंटाने हे चक्र मोडले. सिमेंटाचा दर्जा विटेपेक्षा कठीण. तेव्हा भिंत फोडताना सांधा सुटत नाही, वीट तुटते. शिवाय आजच्या घरात वीट, काँक्रीट, चिनीमातीच्या फरशा, जिप्समचे छत, प्लॅस्टिकच्या नळ्या, रंगाचे थर व वायरी असे सर्व एकमेकांत अडकलेले असते. यंत्राचा पंजा ते एका तासात कालवून टाकतो. ठेकेदार लोखंड उपसून नेतो, आणि ज्याला कोणी गिऱ्हाईक नाही असा भाग मागे उरतो. तोच तळ्याच्या काठावर जातो.

आता २०१६ च्या नियमांतील खरी ग्यानबाची मेख कोठे आहे ते पाहू. जो दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन राडारोडा निर्माण करतो, त्याला नियमांनी मोठा उत्पादक मानले आहे. अशा मोठ्या उत्पादकाने काँक्रीट, माती, पोलाद-लाकूड-प्लॅस्टिक आणि विटा व दर्जा असे चार वेगळे ढीग करावयाचे, काम सुरू होण्यापूर्वी कचऱ्याची योजना स्थानिक संस्थेकडून मंजूर करून घ्यावयाची व वाहतुकीचा आणि प्रक्रियेचा खर्च भरावयाचा. ऐकावयास हे नेटके वाटते. परंतु वरच्या ६० टनांच्या घराचा हिशोब करून पाहावा. मजूर लावून तेच घर पंधरा दिवसांत उतरविले तर दिवसाला ४ टन निघतील. मालक मोठा उत्पादक नाही. यंत्र लावून दोन दिवसांत आडवे केले तर दिवसाला ३० टन. मालक मोठा उत्पादक झाला. घर तेच, गल्ली तीच, ढीगही तेवढाच. महिन्याला ३०० टनांची मर्यादा गाठावयास तर ६०० चौरस मीटरचे पक्के बांधकाम पाडावे लागते. रायपूरच्या जुन्या वस्त्यांत एवढी मोठी वास्तू एखादीच. बाकीची सारी घरे ह्या उंबरठ्याच्या अलीकडे पडतात. लहान उत्पादकालाही रस्त्यावर टाकण्याची मनाई आहेच. पण त्याने योजना द्यावयाची नाही, म्हणून त्याचे घर केव्हा पडले व त्याचा माल कोठे गेला, ह्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

मोठे प्रकल्प सहज दिसतात, म्हणून नियम करणाऱ्याची नजर त्यांच्यावर खिळते, हे समजण्यासारखे आहे. २००६ च्या पर्यावरण-आघात अधिसूचनेनेही २०,००० चौरस मीटर व त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांनाच पूर्वपरवानगीची अट घातली. परंतु शहर हे मुख्यतः लहान घरांचे बनलेले असते.

स्थानिक संस्थेवर नियमांनी टाकलेले काम वेगळे. दहा लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांनी १८ महिन्यांत, पाच ते दहा लाखांच्या शहरांनी २४ महिन्यांत व त्याहून लहानांनी ३६ महिन्यांत प्रक्रियेची सोय उभी करावी, असा क्रम लावून दिला होता. २०११ च्या जनगणनेत रायपूर महानगरपालिकेची लोकसंख्या दहा लाखांच्या किंचित पुढे होती. ह्या किंचितपणामुळे रायपूर पहिल्या वर्गात पडले व त्याची मुदत २०१७ च्या सप्टेंबराअखेर संपत होती. देशातील बहुतेक शहरांना आपापली मुदत पाळता आली नाही. दिल्लीत बुराडी येथे २००९ पासून असे केंद्र चालू होते, अहमदाबादेतही काही वर्षांनी झाले. परंतु ही उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी. रायपूर महानगरपालिकेने पुढे शहराच्या पश्चिमेस हिरापूर-जरवाय भागात राडारोड्यावर प्रक्रिया करणारे केंद्र उभारले.

अशा केंद्रात काय चालते हे थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. गाडी प्रथम काट्यावर जाते. माल ओतल्यावर त्यातून चिंध्या, लाकूड, प्लॅस्टिक ही मोठी भेसळ माणसे हाताने वेचतात. जाळीवरून गाळून माती खाली पाडतात. उरलेला माल जबड्यासारख्या यंत्रात दळला जातो, वरून जाणारे चुंबक लोखंडाचे तुकडे उचलून घेते, आणि हलका कचरा वाऱ्याच्या झोताने किंवा पाण्याच्या प्रवाहाने वेगळा होतो. पाण्याची पद्धत असेल तर धुतलेली वाळू व खडी निराळी पडते आणि गाळ वेगळ्या टाकीत बसतो. तेच पाणी पुन्हा वापरतात. शेवटी हाती येते ती वेगवेगळ्या आकारांची खडी, वाळू व मातकट गाळ. खडी-वाळूपासून पदपथाचे ठोकळे, रस्त्याच्या कडेचे दगड, पोकळ विटा होतात. गाळ भरावाला जातो.

ह्यात चमत्कार काही नाही. आणि म्हणूनच माल कसा आला ह्यावर माल कसा निघणार हे ठरते. काँक्रीट वेगळे आले तर त्याची खडी चांगली निघते. विटा मिसळून आल्या तर खडी मऊ होते. जिप्समचा अंश राहिला तर त्यातील सल्फेट सिमेंटाशी झगडते व काँक्रीट पुढे फुगून तडकू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त बर्लिनमध्ये स्त्रियांनी रांगा लावून विटा एकेक करून घासल्या, तेव्हा त्यांतून नवी घरे उभी राहिली. जो माल कालवलेला होता त्याचा एक डोंगरच शहराच्या पश्चिमेला रचावा लागला. तो अजून आहे व त्यावर झाडी वाढली आहे.

सरकारी इंजिनिअरांना हा माल वापरण्यास सांगितले की ते पूर्वी एक अडचण पुढे करीत, आणि ती खोटी नव्हती. काँक्रीटच्या खडी-वाळूसंबंधी भारतीय मानक ३८३ चे १९७० चे स्वरूप नैसर्गिक स्रोतांपासून मिळणाऱ्या मालापुरतेच होते. दळलेल्या काँक्रीटची खडी वापरणारा अधिकारी मानकाबाहेर जाई व उद्या छत कोसळले तर त्याला विचारले जाई. २०१६ साली हे मानक सुधारण्यात आले. काँक्रीट दळून केलेली खडी लोखंड न घातलेल्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत व तीही एम-२५ प्रतीपर्यंतच, आणि पायाखालच्या हलक्या काँक्रीटमध्ये शंभर टक्के वापरण्यास त्याने मुभा दिली. विटा मिसळलेल्या खडीला फक्त हलक्या काँक्रीटमध्ये जागा दिली. ह्या मर्यादा लहरीने घातलेल्या नाहीत. दळलेल्या खडीला जुना दर्जा चिकटलेला असतो. तो नव्या दगडापेक्षा कितीतरी पट पाणी शोषतो, म्हणून मिश्रणाचे पाणी चुकते व मजबुती उतरते. मानकाच्या मर्यादेत राहून काम केले तर फरक जाणवत नाही.

ह्याच मानकाने लोखंड-पोलाद कारखान्यांच्या मळीलाही दार उघडले, आणि ही गोष्ट छत्तीसगडाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. रायपूरच्या पश्चिमेस तीसेक किलोमीटरवर भिलाईचा पोलाद कारखाना १९५९ पासून चालतो. त्याच्या झोतभट्टीची मळी सिमेंटात घालण्याची प्रथा जुनीच. शेजारी जामुल येथे १९६५ साली सिमेंटचा कारखाना निघाला त्यामागे हेच गणित होते. दुसरीकडे कोरबा येथील औष्णिक वीजकेंद्रांतून राख निघते. तिच्या विटा कराव्यात म्हणून केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ रोजी पहिली अधिसूचना काढली व वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील वीटभट्ट्यांवर राख मिसळण्याचे बंधन घातले. हे अंतर पुढे १०० व नंतर ३०० किलोमीटरपर्यंत वाढविले गेले. ह्या शेवटच्या मर्यादेत कोरब्यापासून सुमारे दोनशे किलोमीटरवरील रायपूर सहज येते. राखेची करडी वीट आज रायपुरात नवी नवलाई राहिलेली नाही. खारुन नदीच्या काठची सुपीक माती भट्टीत जाण्याऐवजी शेतात राहते, हा तिचा मोठा लाभ. राखेच्या विटेचा प्रसार झाला व राडारोड्याच्या ठोकळ्याचा झाला नाही, ह्याचे कारण शोधू गेल्यास ते सोपे आहे: राख एका ठिकाणी, एकाच प्रतीची व रोज निघते. राडारोडा हजार ठिकाणी, हजार प्रतींचा व अवचित निघतो.

किमतीची अडचण आणखी वेगळी. रायपूरच्या आसपास जमिनीखाली चुनखडीचे थर आहेत, दगडाच्या खाणी व खडी दळणाऱ्या गिरण्या पुष्कळ आहेत. खाणीतली खडी जवळून व स्वस्तात मिळत असताना दळलेल्या काँक्रीटची कोण घेणार? नेदरलँड्समध्ये दगड नाही व जमीन थोडी. म्हणून त्या देशाने पुन्हा वापरता येण्याजोगा राडारोडा जमिनीत पुरण्यास १९९७ पासून मनाई केली आणि तेथे जवळजवळ सगळा माल परत कामाला लागतो. जपाननेही २००० साली बांधकाम-सामग्रीच्या पुनर्वापराचा कायदा केला तो ह्याच टंचाईपोटी. आपल्याकडे बाजारावर विसंबून हे होणार नाही, हे २०१६ चे नियम करणाऱ्यांना माहीत होते. सरकारी व नगरपालिकांच्या ठेक्यांत असा माल काही प्रमाणात सक्तीने वापरावा असे त्यांनी लिहिले. मात्र ते प्रमाण सांगताना कंसात ‘समजा १०-२० टक्के’ अशा अर्थाचे शब्द घातले. कायद्याच्या मसुद्यात ‘समजा’ आला की अंमलदार ‘समजून’ घेतो, हे सांगण्यास फार अनुभव लागत नाही.

ह्या सर्वांचा हरित इमारतींच्या नियमांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. गेल्या वीस वर्षांत हरित इमारत हा शब्द फार रूढ झाला. इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल २००१ साली हैदराबादेस स्थापन झाली. ‘गृह’ ही भारतीय मूल्यांकनपद्धती २००७ पासून राष्ट्रीय मानली गेली. ऊर्जा-बचतीची इमारत संहिता २००७ मध्ये आली व २०१७ मध्ये सुधारली. ती १०० किलोवॅट व त्याहून अधिक जोडभाराच्या व्यापारी इमारतींना लागू होते. घरांसाठी २०१८ साली ‘इको निवास संहिता’ आली. भिंती व खिडक्यांतून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॉटच्या आत राहावी, असे तिचे मुख्य सूत्र आहे. रायपूरचा उन्हाळा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा ह्या सूत्राचे महत्त्व तेथील माणसाला समजावून द्यावे लागत नाही. जुन्या घराच्या जाड मातीच्या भिंती, खपऱ्याचे दुहेरी छप्पर व आतला चौक हे सर्व ह्याच १५ वॉटसाठी होते. त्यांना आकडा ठाऊक नव्हता.

परंतु ह्या मूल्यांकनांत गुण मिळतात ते उभ्या राहिलेल्या इमारतीला. तिच्या जागी आधी जे होते ते पाडून कोठे गेले, हा प्रश्न त्यात असला तरी कोपऱ्यात असतो. महाराष्ट्राने डिसेंबर २०२० पासून लागू केलेल्या एकत्रित विकास नियमावलीत मूल्यांकनाच्या दर्जाप्रमाणे ३, ५ किंवा ७ टक्के जादा चटई क्षेत्र बक्षीस म्हणून दिले आहे. बक्षिसाची कल्पना चांगली आहे. तरी वीस वर्षांची भक्कम इमारत पाडून तिच्या जागी पाच तारांकित हरित इमारत बांधणारा मनुष्य बक्षिसास कितपत पात्र, ह्याचा विचार व्हावयास हवा. पाडलेल्या इमारतीच्या सिमेंटात व पोलादात जी ऊर्जा खर्ची पडली होती ती नव्या इमारतीच्या विजेच्या बिलातून भरून निघण्यास बरीच वर्षे जातात.

धुळीच्या बाजूने मात्र नियम अधिक कडक झाले. २०१८ च्या जानेवारीत बांधकामाची जागा झाकणे, माती व वाळू उघडी न ठेवणे, दगड उघड्यावर न कापणे ही बंधने आली. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात छत्तीसगडातील रायपूर, भिलाई व कोरबा ही शहरे आहेत. रायपूरभोवती उरला व सिलतरा येथे स्पंज लोखंडाचे कारखाने असल्याने हवेच्या दोषाचे खापर बहुधा त्यांच्यावर फुटते, व ते सर्वस्वी अन्याय्यही नाही. परंतु गल्लीतल्या उघड्या ढिगाची धूळ खालून, श्वासाच्या उंचीवर येते.

२ एप्रिल २०२५ रोजी केंद्राने नवे नियम प्रसिद्ध केले व त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविली. त्यांचा गाभा ‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’ हा आहे. २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामाच्या प्रवर्तकाने सरकारी नोंदवहीत नाव घालावयाचे, आपल्या राडाऱ्याचा ठरलेला हिस्सा पुनर्वापरात जातो हे प्रमाणपत्राने दाखवावयाचे, आणि तो हिस्सा वर्षागणिक वाढत जावयाचा. ‘समजा’ ची जागा उद्दिष्टांनी घेतली, ही प्रगती खरी. प्रक्रिया केलेल्या मालाला निश्चित गिऱ्हाईक मिळाले तर केंद्रे चालतील. परंतु उंबरठा पुन्हा २०,००० चौरस मीटरचाच. तात्यापाऱ्यातील १२० चौरस मीटरचे घर ह्याही वहीत येत नाही.

ते येण्याचा मार्ग रायपूरच्याच दप्तरात आहे. छत्तीसगडातील भूमिविकासाच्या नियमांखाली ठराविक आकाराहून मोठ्या भूखंडावर घर बांधताना पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्याची सोय सक्तीची आहे व परवानगीच्या वेळी त्यासाठी अनामत ठेव घेतली जाते. सोय केल्याचे दाखविले की ठेव परत. ही ठेव परत मागावयास अनेक जण फिरकलेच नाहीत, कारण ठेवीपेक्षा खड्डा खणण्याचा खर्च त्यांना जड वाटला. ह्यावरून ठेवीची कल्पना वाईट ठरत नाही. तिची रक्कम खर्चाहून मोठी हवी व परत देण्याची रीत एका खेपेत आटोपणारी हवी, एवढेच ठरते. नव्या घराची परवानगी मागणाऱ्याने जुने घर पाडलेले असतेच. त्याच अर्जावर जुन्या बांधकामाचे क्षेत्रफळ लिहून घ्यावे, चौरस मीटरला अर्धा टन ह्या हिशोबाने वजन काढावे, व हिरापूरच्या काट्यावरील पावत्या त्या वजनाच्या जवळपास आल्या की ठेव परत करावी. ह्याला नवा कायदा लागत नाही. काटा लागतो, आणि शहराच्या पूर्वेकडील माणसाला पश्चिमेपर्यंत गाडी नेण्याचा भुर्दंड पडू नये म्हणून प्रत्येक विभागात एक कुंपण घातलेली संकलनाची जागा लागते.

राहता राहिला घरमालक. चार ढीग वेगळे ठेवा असे त्याला सांगितले तर तो म्हणतो की आठ फुटी गल्लीत एका ढिगाला जागा नाही, चार कोठे ठेवू? त्याचे म्हणणे बरोबर आहे. अशा ठिकाणी ढिगांऐवजी पाडण्याचा क्रम बदलावा लागतो. घर ज्या क्रमाने चढले त्याच्या उलट क्रमाने ते उतरवावयाचे: पहिल्या दिवशी वायरी, नळ, दारे व खिडक्या, मग जिप्समचे छत व फरशा, ज्या वेगळ्या पोत्यांत भरून लगेच हलविता येतात, मग विटांच्या आतल्या भिंती, आणि स्लॅब व खांब सर्वांच्या शेवटी. प्रत्येक दिवशी एकाच जातीचा माल निघतो व त्याच दिवशी त्याची गाडी जाते, म्हणून गल्लीत एका वेळी एकच ढीग असतो. ह्या रीतीने चार खोल्यांचे घर उतरविण्यास यंत्रापेक्षा आठवडाभर तरी अधिक लागतो व मजुरी वाढते. तिचा काही भाग दारे, लोखंड व साबूत विटा ह्यांच्या किमतीतून निघतो; बाकीचा घरमालकाच्या खिशातून जातो.